गोचिडाच्या पेशीत विषाणूचा मुक्काम

(दृश्य: सूक्ष्मदर्शकातून पेशींचा थर)
या व्हेरो पेशी, आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातल्या. यांच्यावर गोचिडामार्फत पसरणारा लँगट विषाणू सोडला. काही दिवसांतच पेशी गोल झाल्या, तळ सोडून तरंगू लागल्या. सलग थर होता तिथे आता भोकं पडली आहेत.

(दृश्य: दुसरी बाटली, तोच विषाणू)
ही आयएसई-६. उत्तर अमेरिकेतल्या काळ्या पायांच्या गोचिडाच्या भ्रूणांतून मिळालेल्या पेशी. नीट बघा. पेशी शाबूत आहेत, विभागताहेत, आणि संसर्गही कायम आहे. पेशी मरत नाही, विषाणू जात नाही.

(दृश्य: माध्यम बदलणारे हात)
अशा पेशी मिळवायच्या तर आधी गोचिडाची अंडी हवीत. ती बाहेरून निर्जंतुक करायची, हलकेच चिरडायची, आतले भ्रूण पोषक माध्यमात ठेवायचे आणि माध्यम बदलत राहायचं. वाढ धरायला महिने लागतात, कधी वर्षंही. मध्येच बुरशी शिरली की पुन्हा पहिल्यापासून. गोचिडाच्या पेशींची पहिली टिकाऊ सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढत राहणारा पेशींचा वंश, १९७५ साली वर्मा, पडनी आणि लीक यांनी नोंदवली. इतक्या चिकाटीने कुणी या पेशी जगवल्या, म्हणून पुढचं चित्र मिळालं.

(दृश्य: इलेक्ट्रॉन टोमोग्राफी, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेलं पेशीचं त्रिमितीय चित्र)
मॉन्टानातल्या रॉकी माउंटन प्रयोगशाळेतलं हे काम, २०१२ साली प्रसिद्ध झालेलं. मुरलेल्या संसर्गात पेशीच्या आतल्या पडद्यांमध्ये या नळ्या दिसतात. रुंदी ६० ते १०० नॅनोमीटर, लांबी ८०० पर्यंत. दोन्ही तोंडं बंद, जुडीच्या जुडी, वरून पडद्याचं वेष्टन. ताज्या संसर्गात त्या फारच कमी सापडतात.

(दृश्य: चलचित्र, आरएनएचे तुकडे)
गोचिडाची पेशी विषाणूच्या आरएनएचे, म्हणजे त्याच्या जनुकीय द्रव्याचे, बारीक तुकडे करत राहते. ही यंत्रणा प्रयोगात दुबळी केली की लँगट जोमाने वाढतो. म्हणजे पेशी त्याला हाकलत नाही, आवरून धरते. गोचिडाच्या शरीरातही असाच विषाणू पिल्लावस्थेपासून प्रौढ होईपर्यंत टिकतो.

(दृश्य: सिंधुदुर्ग, काजूची बाग)
लँगटच्याच गटातला क्यासनूर जंगलाचा विषाणू, १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात सापडलेला. दोडामार्गात त्याच्या तापाला माकडताप म्हणतात. त्याने माणसं दगावली आहेत.

(दृश्य: प्रयोगशाळा, बाटल्यांची रांग)
या बाटल्यांना दर आठवड्याला ताजं माध्यम लागतं. निधीला खंड पडला तरी त्यांना खंड चालत नाही.