कर की शिक्षा?

श्रोतेहो, नमस्कार.

बोरसद तालुका आज गुजरातमध्ये आहे, पण १९२३ साली तो मुंबई इलाख्यात होता. बाबर देवा नावाच्या दरोडेखोराने तिथे धुमाकूळ घातला होता आणि तो काही केल्या पोलिसांच्या हाती लागत नव्हता. तेव्हा सरकारने असा निष्कर्ष काढला की गावकरीच त्याला आसरा देतात. सबब तालुक्यात जादा पोलीस आणायचे आणि त्यांचा खर्च गावकऱ्यांकडून वसूल करायचा. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे दोन रुपये सात आणे! लोक या कराला ‘हैडिया वेरो’ म्हणत. ज्याच्या घरावर दरोडा पडला, त्यानेसुद्धा हे पैसे भरायचे होते.

वल्लभभाई पटेलांनी कर भरू नका असं सांगितलं आणि तालुक्याने ते ऐकलं. जप्तीवाले येताना दिसले की ढोल वाजायचे आणि घरांना कुलपं लागायची. बाजार रात्री भरायला लागले. डिसेंबरात सर लेस्ली विल्सन नवे गव्हर्नर म्हणून मुंबईत आले, त्यांनी चौकशी करवली आणि जानेवारी १९२४ मध्ये हा कर रद्द झाला.

पुण्याने हेच आधी भोगलं होतं. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. झाडणारे दोघे-तिघे, पण जादा पोलिसांचा खर्च पडला सगळ्या शहराच्या माथी. १९४२ साली ‘चले जाव’च्या वेळी गावंच्या गावं सामुदायिक दंडाखाली आली. त्यात आणखी एक गोष्ट होती. पुष्कळ ठिकाणी त्या दंडातून मुसलमानांना वगळलं गेलं. ही सूट लक्षात ठेवा, तिच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

आता कुणी म्हणेल, हा दंड झाला, कर कुठे? बरोबर आहे. पण सरकारची सोय तिथेच तर आहे. दंड करायचा तर आरोप ठेवावा लागतो, पुरावा आणावा लागतो, आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं. कराला यातलं काही लागत नाही. दर ठरवा, यादी करा, वसुलीला माणूस पाठवा.

बोरसदकरांनी कर मागे घ्यायला लावला तो सत्याग्रहाच्या बळावर. ज्याच्यावर बोट ठेवून न्यायालयात जावं असा मूलभूत हक्क त्यांच्या हातात नव्हता. १९५० साली राज्यघटना आली आणि तो मिळाला. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर लावता येणार नाही, असं २६५ वं कलम सांगतं. आता कायदा तर विधानसभाही करते. म्हणून त्या कायद्यालाही १४ व्या कलमातल्या समानतेची चाळणी आहे, आणि धर्म, जात, वंश एवढ्याच कारणावरून भेदभाव नको, असं १५ वं कलम बजावतं.

ही चाळणी कशी चालते, ते राजस्थानात दिसलं. झुंझुनू जिल्ह्यातली २४ गावं दरोडेखोरांना थारा देतात, चोरीचा माल घेतात, असं म्हणून सरकारने १८६१ च्या पोलीस कायद्याचं १५ वं कलम लागू केलं. जादा पोलीस आणले, खर्च गावकऱ्यांवर टाकला. बोरसदचीच गोष्ट, फक्त आता सरकार आपलं होतं. आणि या सरकारने त्या वसुलीतून हरिजन आणि मुस्लिम रहिवाशांना सूट दिली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६० मध्ये राजस्थान सरकार विरुद्ध ठाकूर प्रताप सिंह या खटल्याचा निकाल न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी लिहिला. सरकारचं म्हणणं होतं की आम्ही जात-धर्म पाहून सूट दिलेली नाही, या समाजातले बहुतेक लोक गुन्ह्यांपासून दूर होते म्हणून दिली. न्यायालयाने विचारलं ते असं: बाकीच्या समाजात कायदा पाळणारी माणसं नव्हतीच, असं तुमचं म्हणणं आहे का? तसं म्हणायची सरकारची तयारी नव्हती. मग एका शांत माणसाला सूट आणि दुसऱ्या तितक्याच शांत माणसाकडून वसुली, यात फरक उरला फक्त जातीचा आणि धर्माचा. सरकारचं अपील फेटाळलं गेलं.

मला हा निकाल मोलाचा वाटतो, कारण यात सरकारचा हेतू वाईट होता असं म्हणता येत नाही. गावात आधीच दबलेल्या लोकांवर आणखी बोजा नको, असा विचार त्यामागे असणं अगदी शक्य आहे. पण उरलेल्यांना घाऊक दोषी धरायला तेवढं पुरत नाही. एक खंत मात्र राहते. १८६१ च्या कायद्यातलं ते कलम या निकालाने गेलं नाही. म्हणजे सगळ्या गावाला सारखंच गुन्हेगार धरलं, तर ही हरकत घेता येत नाही! बोरसदच्या माणसाला यात काय समाधान मिळालं असतं, देव जाणे.

पण राज्यकर्ता हुशार असेल तर तो कायद्यात जातीचं किंवा धर्माचं नाव कशाला लिहील? तो आकडा लिहील. अमेरिकेत लुइझियाना राज्यात १९३४ साली ह्यूई लाँग या बलाढ्य राजकारण्याचं राज्य होतं, म्हणजे अक्षरशः त्याचंच. मोठी वर्तमानपत्रं त्याच्या विरोधात. विधिमंडळाने कर बसवला: ज्या पत्राचा आठवड्याचा खप वीस हजारांच्या वर, त्याने जाहिरातींच्या एकूण उत्पन्नावर दोन टक्के द्यायचे. कायद्यात कुणाचंही नाव नाही. पण राज्यातल्या शंभराहून अधिक पत्रांपैकी या आकड्याच्या वर सापडली फक्त तेरा, आणि त्यातली बारा लाँगच्या विरोधातली! लाँगच्या गोटाने पत्रक काढून हा खोटं बोलण्यावरचा कर आहे, एका खोट्यामागे दोन सेंट, अशी फुशारकीही मारली. १९३६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा कायदा रद्द केला. वर्तमानपत्रांना कर नकोच, असं न्यायालय म्हणालं नाही. दुकानदाराला लागतो तसा सर्वसाधारण कर त्यांनाही लागेल. पण हा कर वाचकांपर्यंत माहिती पोचू नये म्हणून बेतलेला आहे, असं त्याने ठरवलं.

म्हणजे झुंझुनूत सरकारचं मन सुटीत उघडं पडलं आणि लुइझियानात मर्यादेच्या आकड्यात. दर किती, हे आपण सगळे वाचतो. यादीबाहेर कोण राहिलं, ते वाचायला हवं.

आपल्याकडे असाच वाद १९८१ नंतर उभा राहिला. आयात केलेल्या वृत्तपत्र कागदावर सरकारने आधी किमतीच्या टक्केवारीने आणि पुढे टनामागे ५५० रुपये शुल्क लावलं, वर पूरक शुल्क वेगळं. इंडियन एक्सप्रेस आणि इतर वृत्तपत्रं न्यायालयात गेली. डिसेंबर १९८४ मध्ये न्यायमूर्ती वेंकटरामय्या यांनी निकाल दिला. वृत्तपत्रांवर कर लावता येतो, मात्र त्याचा बोजा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा गळा आवळण्याइतका नसावा, असं त्यात स्पष्ट आहे. लुइझियानाचा दाखलाही त्यात आहे. पण शुल्क न्यायालयाने स्वतः रद्द केलं नाही. सहा महिन्यांत फेरविचार करा, असं सरकारलाच सांगितलं. कराच्या बाबतीत न्यायालयं असा हात आखडता घेतात, कारण तिजोरी कशी भरायची हे निवडून आलेल्यांनी ठरवायचं असतं. ते रास्तही आहे. दारूवर जास्त कर, तंबाखूवर जास्त कर, यात दर खेपेला सूड शोधत बसलं तर एकही अर्थसंकल्प उभा राहायचा नाही.

या तत्त्वाची खरी परीक्षा होते ती ज्यांच्याबद्दल कुणालाच कळवळा नाही, अशांच्या बाबतीत. मार्च २००९ मध्ये अमेरिकेत एआयजी या विमा कंपनीने अधिकाऱ्यांना सुमारे साडेसोळा कोटी डॉलरचा बोनस वाटला. याच कंपनीला बुडण्यापासून वाचवायला सरकारने अब्जावधी ओतले होते. देश संतापला, आणि संताप योग्यच होता. काही दिवसांतच प्रतिनिधिगृहाने सरकारी मदत घेतलेल्या मोठ्या कंपन्यांमधल्या गलेलठ्ठ पगारदारांच्या बोनसवर नव्वद टक्के कर बसवणारं विधेयक ३२८ विरुद्ध ९३ मतांनी संमत केलं. बोनस आधीच हातात पडलेला, कर मागाहून.

तिथल्या राज्यघटनेत विधिमंडळाने खटल्याविना ठरावीक लोकांना शिक्षा देऊ नये, अशी स्वतंत्र बंदी आहे. आपल्याकडे असं वेगळं कलम नाही. आपलं विसावं कलम मागाहून गुन्हा ठरवायला मनाई करतं, पण ते फौजदारी शिक्षेपुरतं. पूर्वलक्षी कर आपल्याकडे लागू शकतो आणि लागलेलाही आहे. म्हणून हे प्रकरण मला जवळचं वाटतं. नव्वद टक्के हा कर की शिक्षा, याचा निवाडा व्हायला हवा होता. पण सिनेटने ते विधेयक पुढे नेलंच नाही. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी दबाव आणला, सर्वात मोठे बोनस घेणाऱ्या वीस जणांपैकी पंधरा जणांनी ते परत द्यायचं कबूल केलं आणि लोकांचा राग निवळला. ते विधेयक कायदा झालं असतं, तर न्यायालयात टिकलं असतं, असा माझा अंदाज आहे. आणि मला ते आवडलं नसतं.

नमस्कार.