आधी फेरफार वाचा, मग सातबारा

नमस्कार, श्रोतेहो. इतिहास शिकून नव्या पिढीला उपयोग काय, असं हल्ली सर्रास विचारलं जातं. आज या प्रश्नाकडे एका कागदाच्या अंगानं पाहू. घरात जमीन असेल आणि सातबारा हाताशी असेल, तर तो पुढ्यात घेऊनच ऐका. तारीख आजची असली, तरी त्यावरची जवळजवळ प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या जुन्या सालातून आलेली आहे. ते साल माहीत नसेल, तर शिकलेल्या माणसालाही हा उतारा वाचता येत नाही.

क्षेत्रापासून सुरुवात करू. उताऱ्यावर हेक्टर-आर आणि गावात तोंडी एकर-गुंठे. ब्रिटिश मोजणीची साखळी ३३ फुटांची होती, तिचे भाग सोळा. त्यांना आणे म्हणत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा झाला गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. गुंठा आणि आर जवळपास सारखे वाटतात, पण एक गुंठा म्हणजे १.०१ आर. साडेतीन एकर, म्हणजे १४० गुंठे, १ हेक्टर ४१.६ आर भरतात. जुन्या खरेदीखतातले गुंठे आर समजून मोजले, की शेजाऱ्यानं दीड गुंठा दाबला असा संशय येतो आणि नसलेलं भांडण उभं राहतं.

पुढे 'आकार' पाहा. कित्येक एकरांना वर्षाचा शेतसारा अवघे काही रुपये. १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर भागात मोजणी सुरू केली. त्याआधीची प्रिंगल या अधिकाऱ्याची आकारणी इतकी जड झाली होती की लोक जमिनी टाकून निघून गेले होते. नव्या पद्धतीत मातीची खोली आणि पोत बघून जमिनीच्या नऊ प्रती, म्हणजे दर्जे, लावल्या. उत्तम मातीला, पावणेदोन हात खोली असेल, तर सोळा आणे, म्हणजे पूर्ण दर. खडा, उतार, चोपण असे दोष दिसले की प्रत खाली. हा आकार तीस वर्षांसाठी बांधला गेला.

तीस वर्षांनी फेरआकारणी आली, ती नेमकी चुकीच्या वेळी. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला चढलेला भाव १८६५ नंतर कोसळत होता आणि इकडे सारा वाढला. शेतकरी सावकाराच्या दारात गेला, जमिनी सावकारांकडे जाऊ लागल्या. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात सावकारांविरुद्ध उद्रेक झाला आणि ठिकठिकाणी कर्जरोखे जाळले गेले. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देण्यासाठी कायदा झाला. तेवढ्यानं भागलं नाही, म्हणून १९०१ मध्ये सरकारनं नवी शर्त आणली. सरकारनं या शर्तीवर दिलेली जमीन परवानगीशिवाय विकता येणार नाही. तुमच्या उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' किंवा 'नवीन अविभाज्य शर्त' असेल, तर त्या निर्बंधाचं मूळ इथे आहे.

वर्ग २ मध्ये जमीन येण्याची कारणं मात्र वेगवेगळी आहेत, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. एक कारण कुळकायद्याचं. १ एप्रिल १९५७, कृषकदिन. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्यानं मालक झालं. 'कलम ३२ ग' प्रमाणे किंमत ठरली आणि ती भरल्यावर '३२ म' चं, म्हणजे खरेदीचं, प्रमाणपत्र मिळालं. जमीनमालक विधवा, अज्ञान (अल्पवयीन) किंवा सैन्यात असेल, तर हा दिवस पुढे ढकलला जाई. काही प्रकरणं आजही लोंबकळत आहेत, ती अशीच. या जमिनींना 'कलम ४३' चा निर्बंध असतो. २०१४ च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील, तर आकाराच्या चाळीस पट नजराणा सरकारला भरून विक्री करता येते. आकारच लहान असल्यामुळे ही रक्कम किरकोळ निघते. तरी हे माहीत नसल्यानं लोक दलालाला भलतेच पैसे देतात.

दुसरं कारण वतनाचं. जुन्या नोंदीत 'इनाम वर्ग ६ ब' दिसलं, तर ती बहुधा महार वतनाची जमीन. गावकीची आणि सरकारची कामं पिढ्यान्‌पिढ्या करायची, त्याचा मोबदला म्हणून तुटपुंजी जमीन. या बांधिलकीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा मात्र १९५८ मध्ये झाला. जमिनी मूळ वतनदारांना परत दिल्या, पण नवीन शर्तीवर. अशी जमीन परवानगीशिवाय घेतली, तर खरेदीखत नोंदलेलं असूनही शर्तभंग होतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. विकणाऱ्याच्या वारसांना हक्क माहीत नसतो, घेणाऱ्याला जोखीम माहीत नसते.

आता नावांकडे या. जुन्या उताऱ्यावर एकट्या थोरल्या काकांचं नाव आणि पुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरं असतात. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे काका कुटुंबाच्या वतीनं नोंदलेले आहेत, एकटे मालक म्हणून नाहीत. नवीन उतारा लिहिताना ही तीन अक्षरं गळाली, की चुलतभावांचा हक्कच बुडाल्यासारखा दिसतो. बहिणींचं तर नावच नसे. म्हणून वाटपाच्या बैठकीत पहिला प्रश्न हवा तो वडील कधी वारले याचा. १७ जून १९५६ ला हिंदू वारसा कायदा लागू झाला. त्याच्या आधी की नंतर, यावर मुलींचा हिस्सा बदलतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानं मुलाइतका हक्क देणारी देशभरची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ची. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही.

हा माग काढायचा कसा? सातबाऱ्यावर नावांच्या आसपास फेरफार क्रमांक, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदीचे क्रमांक, असतात. त्यातला सगळ्यात जुना घ्या. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव, गट नंबर आणि फेरफार क्रमांक लिहून नकलेचा अर्ज करा. ही नोंदवही म्हणजे गाव नमुना सहा. नाव का बदललं, वारसानं, खरेदीनं, वाटपानं की कुळ म्हणून, हे फक्त तिथे लिहिलेलं असतं. तुकड्यांचं एकत्रीकरण झालेल्या गावात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तिथे भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उताराही मागा, नाहीतर जुना कागद वेगळ्याच शेताचा समजला जातो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले कागद मोडीत असू शकतात. मराठवाड्यात निजामाच्या काळातले उर्दूत मिळतील. विदर्भात मालगुजारी आणि कोकणात खोती अशा वेगळ्या सारापद्धती होत्या. तिथले कायदे आणि तारखा वेगळ्या, इंदापूरचा हिशेब तिथे लावू नका.

शेवटचं एक. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरतात, इतकंच. जुन्या उताऱ्यावर नाव आहे, नव्यावर नाही आणि मधे ते कमी करणारा एकही फेरफार सापडत नाही, तर ती लिहिण्यातली चूक मानता येते. दोन्ही उताऱ्यांच्या प्रमाणित नकला जोडून महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. फेरफार सापडला, पण त्यातला मजकूर खोटा वाटला, तर कलम १५५ चालत नाही. मग प्रांताधिकाऱ्यांकडे अपील, आणि हक्काचाच वाद असेल तर दिवाणी न्यायालय.