लेबल आतल्या शिवणीत असतं

(दृश्य : सकाळ. तालुका क्रीडा संकुलाचा तलाव. दोन हात उन्हासमोर एक काळा कॉस्च्युम धरतात.)

कॉस्च्युमची मागची बाजू उन्हाकडे धरायची. दोन्ही अंगठे आत घालून कापड ताणायचं. पलीकडचा कडुनिंब दिसतोय. कापडावर जे बारीक, पांढरे, कुरळे केस वर आलेत, तो तुटलेला लायक्रा आहे. कापड कुठे फाटलेलं नाही, शिवण उसवलेली नाही. ताणलेल्या कापडाला परत जागेवर ओढणारा धागा तेवढा संपला.

(दृश्य : आठवडी बाजार. रेनकोट आणि क्रिकेटच्या टी-शर्टांच्या मधे टांगलेले कॉस्च्युम.)

बाजारात कॉस्च्युम घेताना रंग बघतात, भाव करतात, नंबर विचारतात आणि पन्नीत भरून घरी नेतात. बघायची गोष्ट आत असते. बाजूच्या शिवणीत बोटभर पांढरी पट्टी असते, ती उलटून वाचायची. ‘80 टक्के नायलॉन, 20 टक्के इलास्टेन’ किंवा त्याच्या आसपासचे आकडे दिसतील. नायलॉनऐवजी पॉलीअमाइड लिहिलं असेल तरी ते नायलॉनच. इलास्टेन, स्पॅन्डेक्स आणि लायक्रा हाही एकच धागा. लायक्रा हे त्याचं ब्रँडनाव.

हा धागा 1958 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी तयार केला. पॉलीयुरेथेनच्या लांब साखळ्यांचा धागा, मूळ लांबीच्या पाचपट ताणला तरी परत येणारा. तोपर्यंत ताणाच्या कपड्यात रबर असायचं. लायक्रा आला आणि पोहण्याचा पोशाख अंगाला चिकटून बसायला लागला. उन्हाळ्यात चार दिवस डुंबायला जाणाऱ्याला आजही याच्याइतकं मऊ कापड नाही. रोज सकाळी दीड तास सराव करणाऱ्याचं गणित मात्र वेगळं आहे, आणि ते तलावाच्या पाण्यात आहे.

(दृश्य : पंपघर. बादलीत पांढरी पावडर पडते. काठीने ढवळणं. जवळून.)

ही टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. गावच्या विहिरीत पडते तीच. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक क्लोरीन मोजायची ओटी टेस्ट करतो तेव्हा नळाच्या पाण्यात 0.2 पीपीएम, म्हणजे लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम, क्लोरीन उरलेलं असलं तरी चालतं. पोहण्याच्या तलावात ते 1 ते 3 पीपीएम ठेवावं लागतं. म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या किमान पाचपट, आणि त्यात माणूस तासभर बुडालेला.

हिशेब सोपा आहे. तलाव 25 मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल. पाणी झालं सुमारे 4 लाख 69 हजार लिटर. 2 पीपीएमसाठी शुद्ध क्लोरीन लागतं साधारण 940 ग्रॅम. टीसीएलमध्ये वापरात येणारं क्लोरीन तेहतीस टक्क्यांच्या आसपास धरलं, तर पावडर लागते पावणेतीन-तीन किलो. पोतं उघडं राहिलं, जुनं झालं की ताकद उतरते. मग अंदाजाने एक मग जास्त पडतो. या ‘एक मग जास्त’मध्येच कॉस्च्युमचं आयुष्य जातं.

(दृश्य : बादलीतला गाळ खाली बसतोय. वरची निवळी तलावात ओतली जाते.)

पद्धत ही. पावडर बादलीत कालवायची, अर्धा तास निवळू द्यायची, वरचं पाणी तलावात फिरवून ओतायचं, खालचा चुना ओतायचा नाही. हे काम संध्याकाळचा सराव संपल्यावर, पंप चालू ठेवून. रात्रभरात क्लोरीन सगळीकडे सारखं होतं. पहाटे घाईने कोरडी पावडर फेकली तर कण पाण्यात तरंगत राहतात आणि कापडावर बसतात. कॉस्च्युमवर राईएवढे फिके ठिपके दिसले तर दोष कापडाला देऊ नये. सकाळी पहिल्यांदा टेस्ट किट बुडवायचं: क्लोरीनसाठी पिवळा रंग, पीएचसाठी (पाणी आम्ल की अल्कली, त्याचं माप) लाल. पीएच 7.2 ते 7.8.

आता हे पाणी लायक्राचं काय करतं? क्लोरीन पॉलीयुरेथेनच्या साखळ्या तोडत जातं. आधी ताण कमी होतो. मग बसण्याच्या जागी आणि पोटावर, जिथे कापड सगळ्यात जास्त ताणलेलं असतं, तिथे धागा तुटतो. उष्णतेने हेच काम वाढतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात उघड्या तलावाचं पाणी काही थंड राहत नाही. नायलॉनचा रंगही याच पाण्यात उडतो. काळ्याचा चॉकलेटी होतो.

(दृश्य : काठावर दोन कॉस्च्युम शेजारी-शेजारी. एक सैल, एक ताठ.)

उजवीकडचा ताठ दिसतोय, त्याच्या पट्टीवर लिहिलंय पॉलिएस्टर आणि पीबीटी. लायक्रा शून्य. पीबीटी हा पॉलिएस्टरच्याच घरातला धागा. त्याचा ताण येतो धाग्याच्या मुरडीतून, रबरी गुणातून नाही. त्यामुळे क्लोरीनला तोडायला तिथे फारसं काही सापडत नाही. पॉलिएस्टर रंगही धरून ठेवतं आणि पाणी पीत नाही. हवेतला ओलावा घेण्याचं प्रमाण बघा: कापूस शेकडा साडेआठ, नायलॉन चार, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहून कमी. पांढऱ्या सोन्याच्या मुलखात हे बोलणं जिवावर येतं, पण तलावात कापूस नको. सुती हाफ पँट पाण्यात जड होते, फुगते, आणि तिचा धागा सुटून जातो तो इथे.

(दृश्य : पंपाची जाळी बाहेर निघते. बोटाने सोललेला कापसाचा थर.)

रोजच्या सरावाला आमची पसंती पॉलिएस्टर-पीबीटीला, आणि त्यात दुमत ठेवायला जागा नाही. मधला मार्ग म्हणजे पॉलिएस्टरमध्ये थोडा क्लोरीन-रोधक लायक्रा. साध्यापेक्षा तो टिकतो. पण नुसतं बाहेरून ‘क्लोरीन रेझिस्टंट’ छापलेलं असेल आणि आत पट्टीच नसेल, तर ओढून बघा. सहज लांबलचक ताणलं गेलं तर त्यात लायक्रा भरपूर आहे. पीबीटी कमी ताणतं आणि हाताला जरा कोरडं लागतं.

याच कोरडेपणामुळे लोक एक नंबर मोठा घेतात. तसं करू नये. पाण्यात प्रत्येक कॉस्च्युम थोडा सैल होतो. सुका असताना घट्ट पाहिजे, श्वास अडेल इतका नाही. खांद्याच्या पट्टीखाली दोन बोटं जावीत, तिसरं नको. मुलांच्या जॅमरला, म्हणजे गुडघ्यापर्यंतच्या घट्ट चड्डीला, नाडी हवीच, पण नाडी न बांधता दोन उड्या मारून बघायचं. घसरला तर मोठा आहे. आतली शिवण सपाट आणि पॉलिएस्टर धाग्याची हवी. शिवण आडवी ताणली आणि ‘कट्’ आवाज आला तर परत टांगून द्या.

(दृश्य : शिंप्याचं मशीन. सुई जवळून.)

उसवलेलं दुरुस्त होतं. बोथट टोकाची सुई, झिगझॅग टाका. सरळ टाका ताणाला पुरत नाही, पहिल्याच टर्नला तुटतो.

(दृश्य : पूर्ण पायाच्या कॉस्च्युममध्ये मुली भिंतीला पाय लावून सुटतात.)

मुलींनी पूर्ण पायाचा, बाह्यांचा कॉस्च्युम घातला तर सरावात काही बिघडत नाही. थोडं पाणी ओढतो, तेवढीच ताकद वाढते. जागतिक नियम स्पर्धेपुरता आहे: 1 जानेवारी 2010 पासून मुलींना खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, मुलांना कमरेपासून गुडघ्यापर्यंत, आणि तोही विणलेल्या कापडाचाच. सरावाला लांबी कितीही असो, कापड दाट हवं. ते विरळ झालं की मुलगी घरी काही बोलत नाही, फक्त सरावाला येत नाही.

(दृश्य : शहाबादी फरशीचा खडबडीत काठ. घसरत पाण्यात उतरणारा मुलगा.)

काठावर घसरून उतरू नका. चांगल्यातलं चांगलं कापड इथे गोळे धरतं.

(दृश्य : नळ. बादली. धुणं.)

पाण्यात उतरण्याआधी नळाखाली कॉस्च्युम ओला करायचा. साध्या पाण्याने भिजलेलं कापड तलावाचं पाणी कमी घेतं. बाहेर आल्यावर लगेच दोन पाण्यात खळबळायचा, घरी गेल्यावर नाही. तोपर्यंत तो पन्नीत, सायकलच्या हँडलला, उन्हात शिजत असतो. साबण लावलाच तर अंगाचा सौम्य. धुण्याची वडी नको, ब्रश नको, आणि दगडावर आपटणं तर नकोच. खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारं. शेवटचं खळबळणं तिथे पिण्याच्या पाण्याने, नाहीतर वाळल्यावर मीठ धाग्यात बसतं. पिळायचा नाही. कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा.

(दृश्य : टिनाचं छप्पर, वर तापलेली हवा थरथरते. मग कडुनिंबाखालची दोरी.)

टिनावर टाकू नका. दुपारी त्या टिनाला हात लावून बघा, म्हणजे कळेल. सावलीत, वाऱ्यावर, उलटा करून. आतल्या पट्टीवर मार्करने घेतल्याची तारीख लिहून ठेवा. महिन्यातून एकदा उन्हासमोर धरायचा, सुरुवातीला दाखवला तसा.

(दृश्य : दोरीवर दोन कॉस्च्युम. एक ठिबकतोय.)

ओला कॉस्च्युम पुन्हा चढवायचा नाही, म्हणून दोन लागतात. उद्या हा कोरडा, परवा तो.