निजलेलं की निपचित?

(लघु माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: गावातलं घर. बाजेवर बाळंतीण, कुशीत चार दिवसांचं बाळ.)

चार दिवसांचं हे बाळ कालपर्यंत दर दोन-अडीच तासांनी उठत होतं, छातीला लागलं की जोर लावून ओढत होतं. आज पहाटेपासून उठलेलं नाही. घरात सगळ्यांना बरंच वाटतंय. बाळ शांत झोपलंय, बाळंतिणीलाही जरा डोळा लागला.

पण नवजात बाळाचा आजार पुष्कळदा असाच येतो, गाजावाजा न करता. मोठ्या माणसाला ताप चढतो, ते कण्हतं, कुठे दुखतं ते सांगतं. महिन्याच्या आतल्या बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला, तरी ताप येईलच असं नाही. उलट अंग गार पडतं. रडणं वाढण्याऐवजी क्षीण होतं. प्रतिकारशक्ती अजून कच्ची असल्यामुळे सकाळी मंद वाटणारं बाळ संध्याकाळपर्यंत अत्यवस्थ होऊ शकतं. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बाळं पहिल्याच आठवड्यात जातात. 2020 च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात हजार जिवंत जन्मांमागे 11 बाळं 28 दिवसांच्या आत दगावली. देशाचा आकडा 20 होता.

आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात, ही मोठीच गोष्ट आहे. पण साधं बाळंतपण असेल तर दोन दिवसांत सुट्टी मिळते आणि संसर्गाची लक्षणं अनेकदा त्यानंतर, घरी दिसू लागतात. तिथे ना नर्स असते ना मॉनिटर. असते ती आई.

(दृश्य: गडचिरोली, ‘सर्च’ संस्थेचा शोधग्राम परिसर. गावाकडे निघालेली आरोग्यदूत, खांद्यावर पिशवी.)

आईच्या निरीक्षणावर किती विसंबता येतं, हे गडचिरोलीत सिद्ध झालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरोघरी जाऊन बाळं तपासत, आईला खुणा शिकवत आणि गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन देत. तिसऱ्या वर्षी या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

त्या कामातून संसर्ग ओळखायच्या सात खुणा पक्क्या झाल्या. आधी नीट पिणारं बाळ कमी पिऊ लागलं किंवा प्यायचं थांबलं. रडणं क्षीण झालं किंवा बंद पडलं. हातपाय लुळे पडले. उलट्या होतात किंवा पोट फुगलं. अंग गार लागतं. श्वास घेताना छाती आत ओढली जाते. बेंबीत पू झाला. यातल्या दोन खुणा एकाच वेळी दिसल्या, की आरोग्यदूत तो जंतुदोष समजून उपचार सुरू करत. घरात बसून खुणा ओळखणाऱ्या आईने मात्र दुसरीची वाट पाहायची नाही. एक दिसली तरी बाळ दाखवायचं.

या खुणांत ‘आधी’ हा शब्द मोलाचा आहे. शेजारचं बाळ किती पितं याला अर्थ नाही. आपलं बाळ काल काय करत होतं आणि आज काय करतंय, ते पाहायचं. हा फरक डॉक्टरला पाच मिनिटांच्या तपासणीत दिसत नाही, आईला दिसतो. म्हणून ‘काल पीत होतं, आज पीत नाही’ हे आईचं वाक्य दवाखान्यात तपासणीच्या निष्कर्षाइतक्याच गांभीर्याने घेतलं गेलं पाहिजे.

(दृश्य: क्लोज-अप. स्तनपान करणारं बाळ, हलणारा जबडा.)

नीट पिणारं बाळ ओळखायचं कसं? तोंड मोठं उघडलेलं असतं, हनुवटी स्तनाला टेकलेली असते. काही वेळ ओढतं, थांबतं, गिळल्याचा आवाज येतो, पुन्हा ओढतं. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं आणि पाचव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा वेळा लघवी करतं. तीन तास झाले तरी उठलं नाही, तर तळपाय चोळून, दुपटं सोडून उठवायचं आणि छातीला लावायचं. स्तनाग्र तोंडात धरून नुसतंच पडून राहत असेल, दोनदा ओढून सोडून देत असेल, किंवा उठवूनही उठत नसेल, तर ते निजलेलं नाही, निपचित पडलंय. तिथे पुढच्या पाजण्याची वाट पाहायची नाही.

(दृश्य: दुपटं बाजूला केलेलं बाळ. पोट वर-खाली होतंय. कोपऱ्यात सेकंदकाट्याचं घड्याळ.)

श्वास मोजायचा तो बाळ शांत असताना. रडणाऱ्या किंवा पिणाऱ्या बाळाचा आकडा फसवा येतो. पोट उघडं करा; एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. पूर्ण 60 सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण नवजात बाळ भराभर श्वास घेतं, मध्येच पाच-दहा सेकंद थांबतं आणि पुन्हा घेतं. हे थांबणं नॉर्मल आहे. वीस सेकंदांपर्यंत लांबलं किंवा ओठ निळे पडले तर नाही. आकडा 60 किंवा जास्त आला तर पुन्हा एक मिनिट मोजा. दुसऱ्यांदाही तेवढाच आला, तर बाळ दवाखान्यात न्या. मोजताना बरगड्यांखाली बघा. श्वास आत घेताना तिथे खोल खड्डा पडत असेल किंवा प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येत असेल, तर आकड्यासाठी थांबू नका. कुंची-दुपट्यात घट्ट गुंडाळलेल्या बाळात यातलं काहीच दिसत नाही. दिवसातून एकदा तरी उजेडात, वारा नसलेल्या जागी बाळ उघडं करून पाहा.

अंग गार आहे का, हे हाताच्या मागच्या बाजूने कळतं. पोट गरम आणि तळपाय गार असतील तर बाळाला थंडी वाजतेय. दोन्ही गार असतील तर धोका आहे. थर्मामीटर काखेत धरल्यावर 97.7 पासून 99.5 अंश फॅरनहाइटच्या आत हे योग्य तापमान. 97.7 च्या खाली असेल तर लगेच बाळ आईच्या उघड्या छातीशी धरायचं, वरून पांघरूण, डोक्याला टोपी. तासाभरात वाढलं नाही, किंवा मुळातच 95.9 च्या खाली होतं, तर दवाखाना. 99.5 किंवा त्याहून जास्त ताप असेल, तरीही दवाखानाच. घरात पॅरासिटामॉलचे थेंब देऊन ताप उतरवायचा नाही, त्याने खूण झाकली जाते.

कापरं आणि झटके यांत घोटाळा होतो. थरथरणारा हात किंवा पाय हलकेच धरून वाकवा. थरथर थांबली तर बहुधा ते साधं कापरं. धरूनही थांबत नसेल, तर झटका. नवजात बाळाचा झटका अनेकदा बारीक असतो: नजर एका बाजूला खिळते, काही प्यायला नसताना ओठ चोखल्यासारखे हलतात, पाय सायकल चालवल्यासारखे फिरतात.

(दृश्य: खिडकीचा पडदा बाजूला सरतो, ऊन आत येतं.)

बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत कावीळ दिसत नाही. उजेडात कपाळ, छाती आणि तळपाय बोटाने दाबून सोडा, त्या क्षणी उमटणारा रंग पाहा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहरा जरा पिवळा होणं बहुतेक बाळांत आढळतं. पहिल्या 24 तासांतली कावीळ, तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ आणि दोन आठवड्यांनंतरही टिकलेली कावीळ मात्र दाखवायलाच हवी. शी पांढुरकी आणि लघवी गडद असेल तर पित्तनलिका बंद असू शकते, आणि त्यावरच्या शस्त्रक्रियेला साठ दिवसांच्या आतला काळ सगळ्यात चांगला. कोवळं ऊन दाखवून ही कावीळ जात नाही.

शिंका, उचकी, पाजल्यावर थोडी गुळणी, मुलीच्या अंगावरून गेलेले रक्ताचे दोन थेंब, मुलगा असो वा मुलगी छाती जरा सुजलेली, याने घाबरायचं कारण नाही. सुजलेली छाती पिळू मात्र नका.

बेंबीवर काही लावायचं नाही. तेल, हळद, राख, शेण काही नाही. ती कोरडी ठेवली की आपोआप पडते. भोवतीची कातडी लाल होऊ लागली किंवा पू दिसला, की दाखवायचं. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या विळ्याचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. पोट फुगणं ही खूण त्या माणसांनी बरोबर ओळखलेली असते. उपचार मात्र घातक असतो: भाजल्याच्या जखमेतून नवे जंतू शिरतात आणि दवाखान्यात पोचायचे तास निघून जातात. गुटी आणि मध चाटवण्यातही असाच वेळ जातो.

वेळ आणखी एका ठिकाणी जातो, निर्णयात. आईला पहाटेच कळलेलं असतं, पण सासूबाईंना विचारायचं, नवरा शेतावरून यायचा, पैसे बघायचे, यात दुपार होते. म्हणून कोण सोबत येणार, गाडी कोणाची, घरी थोरल्याजवळ कोण थांबणार, हे आठव्या महिन्यातच ठरवून ठेवा, आणि या खुणा आजीला, बाबांनाही दाखवून ठेवा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं आणि ने-आण मोफत आहे. 102 किंवा 108 ला फोन करा.

(दृश्य: आशाताई दारात. पिशवीतून वजनाची झोळी काढतात.)

2011 पासून आशाताईंच्या घरभेटी देशभर ठरलेल्या आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी झालं असेल तर पहिल्याही दिवशी. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी येते आणि तिचं नाव सासरच्या आशाताईंकडे असतं, त्यामुळे भेटी सुटतात. माहेरी पोचल्या पोचल्या तिथल्या आशाताईंना कळवा.

(दृश्य: रुग्णवाहिका. आईच्या छातीशी बाळ.)

वाटेतही बाळ आईच्या छातीशीच असू द्या. पीत असेल तर पाजत राहा. झटका येत असेल किंवा शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका. जन्माचं कार्ड सोबत घ्या. शेवटचं नीट कधी प्यायलं, लघवी कधी केली, श्वास किती मोजले, हे आल्या आल्या सांगा. तिथून बाळाला जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात हलवायला सांगितलं, तर आधी इंजेक्शनचा पहिला डोस दिलाय का ते विचारा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ पुन्हा पिऊ लागतं, आणि तिथेच पुष्कळ घरं सुट्टी मागून निघतात. डॉक्टरांनी सात दिवसांची इंजेक्शनं सांगितली असतील तर सातही दिवस घ्या. जंतू उरले तर आजार उलटतो.