डॉक्टर म्हणाले, हृदयात आवाज येतोय

मंडळी, आयोजकांनी मला विषय दिला होता 'लहान मुलांचे हृदयविकार'. मी त्यातला एवढासाच तुकडा उचललाय. डॉक्टरांनी मुलाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, जरा थांबले, पुन्हा लावला आणि म्हणाले, "हृदयात आवाज येतोय, एकदा टूडी इको करून घ्या." तिथून त्या इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट हातात पडेपर्यंत घरात काय होतं, त्याबद्दल मी बोलणार आहे. आणि रिपोर्ट चांगला आल्यावरही जे चालू राहतं, त्याबद्दल जरा जास्त.

आधी आवाज कशाचा ते पाहू. आपण 'लब-डब' म्हणतो ते ठोके झडपा मिटल्याचे. दोन ठोक्यांच्या मधे रक्त वाहतं ते एरवी गुपचूप वाहतं. कुठे खळखळलं की ऐकू येतं, तो मर्मर. कधी वाटेत खरंच बिघाड असतो: हृदयाच्या कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, एखादी झडप अरुंद किंवा गळकी. पण पुष्कळदा बिघाड काहीच नसतो. मुलाची छाती पातळ, हृदय अगदी छातीच्या भिंतीला लागून, रक्ताला वेग. निम्म्याहून जास्त मुलांमध्ये वाढीच्या वयात कधी ना कधी असा निर्दोष मर्मर ऐकू येऊ शकतो. इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०९ साली त्याचं वर्णन करून ठेवलंय, ताणलेली तार छेडावी तसा. आजही आम्ही त्याला त्यांच्याच नावाने ओळखतो.

ताप आला किंवा रक्त कमी असलं की हृदय जोराने काम करतं आणि हाच आवाज मोठा होतो. त्यामुळे पुष्कळ घरांत ही बातमी नेमकी तापाच्या दिवशी येते. मूल फणफणलेलं, आईची रात्रभर झोप नाही, आणि त्यात हे. एक बाबा मला म्हणाले होते, "सर्दीचं औषध घ्यायला आलो आणि हार्ट पेशंट घेऊन घरी चाललो."

मी काय करतो सांगतो. मुलाला आडवं झोपवून ऐकतो, मग बसवून, मग टेबलावरून खाली उतरवून उभं करून. स्टिलचा मर्मर आडवं असताना चांगला ऐकू येतो आणि उभं केलं की बहुधा मंदावतो. हे चालू असताना आई मुलाकडे बघतच नाही, ती माझ्या तोंडाकडे बघत असते. बारीक आवाज ऐकताना आम्हा डॉक्टरांना डोळे मिटायची, कपाळाला आठ्या घालायची खोड असते. तिला वाटतं, संपलं सगळं! म्हणून मी ऐकता ऐकता बोलत राहतो, आता हे बघतोय, आता ते. तरुण डॉक्टर मंडळी इथे असतील तर त्यांनीही ही सवय लावून घ्यावी. फुकट आहे.

आता एक गोष्ट जी ऐकून लोक बुचकळ्यात पडतात. आवाज मोठा म्हणजे आजार मोठा, असं नसतं. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी सूं करून उडतं, अंगठा काढला की नुसतं वाहतं. खालच्या दोन कप्प्यांमधलं बारीक छिद्र असंच जोरात वाजतं, आणि अशी कितीतरी छिद्रं पहिल्या दोन-तीन वर्षांत आपोआप बुजतात. छिद्र मोठं असेल तर आवाज मंद असू शकतो. शिवाय जन्मल्यावर पहिले काही आठवडे फुप्फुसांतला दाब चढा असतो, तोवर छिद्रातून रक्त फारसं जात नाही. त्यामुळे प्रसूतिगृहातून सोडताना तपासलं तेव्हा काही नव्हतं आणि दीड महिन्याच्या लसीला आलं तेव्हा मर्मर आहे, असं होतं. आधीच्या डॉक्टरांनी दुर्लक्ष केलं असं त्यातून लगेच ठरवू नका.

मग घरी लक्ष कशावर ठेवायचं? बाळाच्या दूध पिण्यावर. मोठं छिद्र असलेलं बाळ भुकेनं छातीला लागतं, चार घोट घेतं, दमून सोडतं, धापा टाकतं, पुन्हा लागतं. कपाळावर घाम इतका की टोपडं ओलं. आजी म्हणते, उकडतंय त्याला. पण पंखा चालू असतो! महिन्याला वजन वाढत नाही, निमोनिया पुन्हा पुन्हा होतो. जीभ-ओठ निळसर दिसले तर तो वेगळाच प्रकार, त्यात एक दिवसही थांबू नये. मोठी छिद्रं बहुतेक वेळा वर्षाच्या आत बंद करावी लागतात. 'जरा बाळसं धरू दे, मग बघू' हे ऐकायला बरं वाटतं, पण बाळसं धरत नाही ते छिद्रामुळेच. फार वर्षं गेली तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कायमच्या कडक होतात, आणि मग शस्त्रक्रियेचा उपयोग उरत नाही.

मोठ्या मुलाचं थोडक्यात सांगतो. घसा दुखून गेला, दोन-तीन आठवड्यांनी गुडघे-घोटे आळीपाळीने सुजले आणि आता मर्मर आहे, तर संधिवाताचा ताप असू शकतो. त्यात पेनिसिलिनचं इंजेक्शन दर 3 आठवड्यांनी, वर्षानुवर्षं. ते चुकवू नका, या तापात खराब होणारी हृदयाची झडप त्यावरच टिकते.

आता रिपोर्ट चांगला आला त्यांच्याकडे वळतो. अमेरिकेत सिएटलमध्ये बर्गमन आणि स्टॅम या दोघांनी शाळकरी मुलांचा अभ्यास केला, तो १९६७ साली प्रसिद्ध झाला. पूर्वी मर्मर ऐकू आलेली, पण हृदय धडधाकट असलेली ही मुलं. त्यांतल्या बऱ्याच जणांना घरच्यांनी पळू दिलं नव्हतं, खेळू दिलं नव्हतं. अशा 'नसलेल्या' हृदयरोगाने केलेलं नुकसान खऱ्या हृदयरोगापेक्षा जास्त भरलं. आपल्याकडे वेगळं काय आहे? इको नॉर्मल, तरी पी.टी.च्या तासाला पोरगं वर्गात बसलेलं, कारण पहिलीच्या फॉर्मवर कोणीतरी 'हृदयात आवाज' लिहून ठेवलंय. धाकट्या भावंडाने मारलं तर आई धाकट्यालाच रागावते, "अरे त्याला लागेल." मुलाला सगळं कळतं बरं का. तो घरभर नाजूकपणा वापरायला शिकतो, नाहीतर खरंच घाबरून राहतो.

निम्मा दोष आमचा आहे. आम्ही म्हणतो, "तसं घाबरण्यासारखं काही नाही." या 'तसं'ने घात होतो. आई रात्री विचार करते, म्हणजे कसं आहे? तुम्ही थेट विचारा: हृदय नॉर्मल आहे का? पुन्हा दाखवायचं का? खेळायला बंदी आहे का? आणि तिन्ही उत्तरं फाइलवर लिहून घ्या. लिहिलेलं आजोबांना दाखवता येतं, शाळेत देता येतं. व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा फोटो चार नातेवाइकांना पाठवू नका. इकोच्या कागदावर इतकी इंग्रजी असते की नॉर्मल रिपोर्टातही कोणाला ना कोणाला काहीतरी सापडतंच.

आणखी एक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. खरा दोष निघाला की घरात शोध सुरू होतो, हिनं ग्रहण पाळलं नव्हतं, हिनं पपई खाल्ली. बाळाचं हृदय गर्भाच्या आठव्या आठवड्यापर्यंत घडून गेलेलं असतं. तेव्हा काही जणींना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. आईचा ताब्यात नसलेला मधुमेह, गरोदरपणातला रुबेला, काही औषधं, गुणसूत्रांतले बदल, नात्यातली लग्नं अशी काही कारणं ठाऊक आहेत. बहुतेक वेळा यातलं एकही सापडत नाही. पुढच्या खेपेला अठरा ते बावीस आठवड्यांच्या सुमारास पोटातल्या बाळाचा इको करता येतो, तो जरूर करा. सासूबाईंना तपासणीच्या वेळी सोबत घेऊन या, त्यांना मी सांगतो. डॉक्टरांच्या तोंडून आलं की चालतं, असा माझा अनुभव आहे.

खर्चाचं म्हणाल, तर अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणी करणारं पथक येतं, ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. २०१३ साली हा कार्यक्रम आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्यात मर्मर सापडला तर पुढे जिल्हा रुग्णालयामार्फत इको आणि शस्त्रक्रियेपर्यंत सोय होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया आहेत. शिधापत्रिका आणि आधार जवळ ठेवा, आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, आधी भेटा. बिल झाल्यावर नको.

प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्यात, त्यातली पहिली दातांची आहे. "मुलाला बारीक छिद्र आहे, दात काढायच्या आधी अँटिबायोटिक लागेल का?" साध्या बारीक छिद्राला बहुधा लागत नाही. कृत्रिम झडप, मूल निळसर राहतं असे दोष, अशांनाच लागतं. पण दंतवैद्यांना छिद्राचं सांगा, आणि किडलेला दात तसाच ठेवू नका. तोंडातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जातात, तेव्हा रात्री झोपताना ब्रश झालाच पाहिजे. दुसरी चिठ्ठी द्या.