ऑक्टापॅडवाली पोरगी आणि काकांचं पॉलिटिक्स

नमस्कार मंडळी. पोहे झाले का? नसतील तर कांदा चिरायला घ्या, मी बोलते तोवर.

तर झालं असं की गणपती जवळ आलेत, आमच्या रामबागेकडे एका वाद्यांच्या दुकानाचा फ्लेक्स लागला, ऑक्टापॅड (स्टिकांनी वाजवायचं ते इलेक्ट्रॉनिक तालवाद्य), मिक्सर, स्पीकर, सगळ्यावर डिस्काउंट, आणि फोटोत ऑक्टापॅड वाजवणारी एक मुलगी. एवढंच. पण आमच्या मंडळातले एक काका जिलबी हातात धरून म्हणाले, "घ्या, आता यातही पॉलिटिक्स घुसवलं." मी म्हटलं, काका, पोरगी वाजवतेय, यात कसलं पॉलिटिक्स? तर म्हणे, वाद्य विकायचंय ना, मग वाद्य दाखवा, हे समानता-बिमानता कशाला.

आता बघा हं, गिटारच्या अमेरिकन मासिकांत कितीतरी वर्षं बिकिनीतल्या मॉडेलच्या हातात गिटार देऊन फोटो छापायचे, 'गिटार वर्ल्ड'च्या खरेदी अंकात तर हे थेट 2016 च्या आसपास बंद झालं, तोवर काकांसारख्या कुणालाही त्यात पॉलिटिक्स दिसलं नव्हतं. म्हणजे बाईनं गिटार नुसती धरली तर ती जाहिरात, आणि वाजवली की राजकारण!

काकांचं कापडाचं दुकान आहे, म्हणून त्यांना धंद्याच्याच भाषेत सांगितलं. गिटारी बनवणाऱ्या फेंडर कंपनीनं अमेरिका आणि ब्रिटनमध्ये पाहणी केली, 2018 साली आकडा बाहेर आला, नव्यानं गिटार हाती घेणाऱ्यांत निम्म्या बायका. अहो, निम्मं गिऱ्हाईक बायकांचं असताना फ्लेक्सवर फक्त दाढीवालेच लावायचे, हे तुम्ही तुमच्या साड्यांच्या दुकानात कराल का? काका हसले, पण मानले नाहीत.

आणि बायका काही आत्ता नाही आल्या या धंद्यात. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढायला गेले तेव्हा गिब्सन या अमेरिकन गिटार कंपनीच्या कलामाझू गावातल्या कारखान्यात गिटारी बायकांनीच बनवल्या. फेंडरमध्ये अबिगेल इबारा नावाची बाई 1956 पासून 2013 पर्यंत पिकअप गुंडाळत होती, म्हणजे तारांखाली ती जी गुंडाळी असते ना, केसाएवढी बारीक तांब्याची तार, हजारो वेढे, जरा जास्त ताण दिला की तुटली. तिच्या हातच्या पिकअपसाठी लोक आजही जास्त पैसे मोजतात. पण जाहिरातीच्या फोटोत मात्र कोण? तर गिटार वाजवणारा बाप्या.

बरं, खोटेपणाही असतो बरं का, ते मी नाकारत नाही. 2000 साली मुलींसाठी म्हणून डेझी रॉक गिटारी निघाल्या, त्यात गिटारची मान, म्हणजे दांडी, सडपातळ केली हे शहाणपणाचं, पण फुलाच्या आकाराच्या आणि गुलाबी चकाकीच्या गिटारी बघून मला हसू येतं. त्यापेक्षा सेंट व्हिन्सेंट या अमेरिकन गायिका-गिटारवादिकेची 2016 ची गिटार बघा, जुन्या गिटारींचं ओझं तिला झेपत नव्हतं म्हणून तिनं हलकी करून घेतली, आणि छातीला टोचणार नाही असा आकार. हे झालं काम. आपल्याकडे जनानी तंबोरा आणि मर्दानी तंबोरा कधीपासून आहेतच की, तिथे फरक सुराचा असतो, पेटीच्या काळ्या पट्ट्यांत सांगायचं तर एक काळी चार-पाचला लागणार, दुसरा काळी एकला, तारा वेगळ्या जाडीच्या. कुणी जनानी तंबोऱ्याला गुलाबी रंग नाही दिला.

मी तर जाहिरात बघताना आधी बोटं बघते. नखं कापलीयत का? गिटारवाली असेल तर डाव्या हातात खरी कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरलीय का, की नुसतं दांडीला कुरवाळतेय? केबल लावलीय का? फ्लेक्सवरच्या पोरीच्या स्टिका बरोबर धरलेल्या होत्या, मनगट सैल, म्हणजे वाजवणारी आहे.

आणि वाद्यात राजकारण नको म्हणणाऱ्यांना एक आठवण, 1940 पासून 1971 पर्यंत याच आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, का तर विलायती, आणि तिच्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, निघत नाही! पेटीवाले बिचारे एकतीस वर्षं बाहेर.

असो. परवा भाचीला घेऊन त्याच दुकानात गेले. ऑक्टापॅड तिला घ्यायचा, पैसे तिचे, ट्यूशन घेऊन साठवलेले. पण सेल्समन सगळं मलाही नाही, तर आमच्यासोबत आलेल्या माझ्या नवऱ्याला समजावतोय, सर हे पॅड असं, सर ते आउटपुट तसं. ह्यांना तर टाळ्या वाजवतानाही ठेका सापडत नाही. बाहेर फ्लेक्सवर मुलगी, आत हा प्रकार. भाची गप्प उभी होती, मग पुढे झाली, स्टिका घेतल्या आणि सरळ दादरा सुरू केला, तेव्हा कुठे त्या मुलानं मान वळवली. तरी बिल ह्यांच्याच नावावर! तिनं ते पुन्हा नव्यानं करायला लावलं. वॉरंटी कार्डसुद्धा फाडून नवीन लिहून घेतलं, आणि स्पेलिंग दोनदा तपासलं.