माठ पाझरतो म्हणूनच पाणी गार होतं

नमस्कार श्रोतेहो. आज मातीच्या भाजलेल्या वस्तूंबद्दल बोलायचंय, पण कपबशी, बरणी असल्या गुळगुळीत चकचकीत वस्तूंबद्दल नाही, तर ज्यांच्या अंगाला बारीक बारीक छिद्रं असतात त्यांच्याबद्दल. माठ, कुंडी, पाण्याच्या फिल्टरची कॅन्डल, टाचा घासायची वजरी, आणि हो, साधी भाजकी वीट सुद्धा. मी मातीकामातला माणूस, चाक आणि भट्टी हेच रोजचं काम, आणि लोक उन्हाळ्यात माझ्याकडे सगळ्यात जास्त जी तक्रार घेऊन येतात ती म्हणजे "माठ पाझरतोय हो, बदलून द्या." मी त्यांना म्हणतो की सगळीकडून सारखा ओलसर होत असेल तर माठ एक नंबर आहे, घरी न्या आणि वापरा. एकाच जागेवरून थेंब थेंब पडत असतील तर मात्र तडा आहे, मग खुशाल बदलून घ्या.

ही छिद्रं येतात कुठून ते आधी सांगतो. चिकणमातीचे कण म्हणजे अगदी सूक्ष्म चपट्या पापुद्र्या, त्या एकमेकांवर बसल्या तरी मधे फटी राहतातच, आणि त्या फटींत पाणी असतं. शिवाय आपल्याकडे कुंभार माती मळताना त्यात लीद घालतात, कुणी भुसा घालतं, कुणी चाळलेली राख, ज्याच्या त्याच्या गावची माती जशी असेल तसं. लीद घातलेली माती हातात घेऊन तोडून बघा, आत गवताचे बारीक धागे दिसतात. हे धागे ओल्या मातीला धरून ठेवतात, वाळताना भेगा पडू देत नाहीत आणि भट्टीत जळून गेले की त्यांच्या जागी पोकळ वाट राहते. मग चाकावर जाडसर घडा काढायचा, थोडा सुकू द्यायचा, आणि आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापीनं ठोकत ठोकत त्याचं पोट फुगवायचं. हे काम बघत राहावं असं असतं, हाताचा अंदाज एवढा पक्का की भिंत सगळीकडे सारखी पातळ होते आणि घड्याला कुठेही चीर पडत नाही.

खरी गंमत आगीत आहे. साध्या आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, गोवऱ्या, लाकूड, पाचट लावून साधारण 700 ते 900 अंश सेल्सिअसपर्यंत आच जाते. शंभर सव्वाशे अंशापर्यंत मातीतलं मोकळं पाणी उडतं, तेव्हा घाई केली तर वाफेनं भांडं फुटतं. पुढे 450 ते 600 च्या दरम्यान मातीच्या कणांच्या रचनेतच अडकलेलं पाणी निघून जातं, आणि त्यानंतर ते भांडं कितीही भिजवा, परत चिखल होत नाही. याच टप्प्याच्या आसपास लीद, भुसा जळून जातो. आता समजा आच अशीच वाढवत नेली, 1100, 1200, तर मातीतले काही घटक वितळून काचेसारखे होतात आणि सगळ्या फटी बुजवून टाकतात, की झालं, त्यात पाणी थंड होणार नाही. म्हणजे माठ करणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळावं लागतं. कमी भाजला तर ठिसूळ, जास्त भाजला तर बंद. हे त्याला थर्मामीटर सांगत नाही, तो आचेचा रंग बघून ओळखतो, आणि मला वाटतं या विद्येची आपण फार कमी कदर करतो.

घरच्या घरी एक प्रयोग करून बघा, मुलांना सुट्टीत करायला देण्यासारखा आहे. फुटक्या कुंडीचं एक खापर घ्या, उन्हात खडखडीत वाळवा, किचनच्या वजनकाट्यावर वजन करा. मग दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा, बाहेर काढून वरचं पाणी पुसा आणि परत वजन करा. 100 ग्रॅमचं खापर सहज 110, 115 ग्रॅम भरेल. आता हाच प्रयोग घरी उरलेल्या व्हिट्रिफाईड टाइलच्या तुकड्यावर करा, तिथे काटा जवळजवळ हलणारच नाही, कारण ती टाइल अर्धा टक्काही पाणी पीत नाही.

आता गारव्याचं गणित. माठाच्या भिंतीतून पाणी बाहेरच्या अंगाला येतं, तिथे त्याची वाफ होते, आणि वाफ व्हायला उष्णता लागते ती ते माठातून ओढून घेतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 2400 किलोज्यूल उष्णता लागते, आणि 10 लिटर पाणी 35 अंशावरून 25 वर आणायला काढावी लागते साधारण 420 किलोज्यूल. म्हणजे हिशोबानं पावणेदोनशे मिली, एक ग्लासभर पाणी उडालं की बाकीचं 10 लिटर गार! प्रत्यक्षात बाहेरची उष्णता सतत आत येत असते म्हणून जास्त उडतं, पण तरी एवढ्या कमी खर्चात, बिनविजेचं, अजून काय पाहिजे.

मात्र यात हवेचा मोठा वाटा आहे. नागपुरात मे महिन्यात 42 अंश तापमान आणि हवेत जेमतेम 20 टक्के आर्द्रता असेल तर माठातलं पाणी फार तर 24 अंशाच्या आसपास उतरू शकतं, त्याच्या खाली नाही. मुंबईत 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असेल तर मर्यादा 28 च्या आसपास येते. म्हणून विदर्भातली माणसं माठाचं कौतुक करतात आणि कोकणातला माणूस म्हणतो आमच्याकडे कुठे एवढं गार होतं, दोघंही खरं बोलत असतात. माठ घडवंचीवर किंवा तिवईवर वारा लागेल असा ठेवा, कोपऱ्यात कोंडून ठेवला तर त्याच्याभोवतीची हवाच दमट होऊन जाते. विकत घेताना दोन गोष्टी करा, एक म्हणजे बोटाच्या मागच्या हाडानं वाजवून घ्या, खणखणीत वाजला पाहिजे, भद्द आवाज आला तर चीर आहे, आणि दुसरं, बाहेरच्या अंगावर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब बघता बघता आत जिरला तर घ्या. तसाच थरथरत बसून राहिला आणि ओघळून गेला तर त्यावर ऑइलपेंट किंवा वॉर्निश मारलंय, कितीही नक्षी असली तरी पिण्याच्या पाण्यासाठी नको. माझी अगदी कळकळीची विनंती आहे की माठाला बाहेरून रंग देऊ नका. काळा माठ चांगला की लाल, हे पण खूप जण विचारतात. माती बरेचदा एकच असते, शेवटी भट्टी झाकून धूर कोंडला तर माठ काळा होतो, हवा खेळती ठेवली तर मातीतल्या लोहामुळे लाल. गारवा रंगावर नाही, छिद्रांवर आणि भिंतीच्या जाडीवर असतो.

बोअरचं जड पाणी असेल तर काही महिन्यांत माठाच्या अंगावर पांढरा थर येतो. पाणी उडून जातं, त्यातले क्षार मागे राहतात आणि छिद्रं बुजवतात, म्हणूनच जुना माठ गार करेनासा होतो. मऊ ब्रश आणि पाणी घेऊन बाहेरून घासा, थर हट्टी असेल तर पातळ केलेलं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून थोड्या वेळानं भरपूर पाण्यानं धुवा. साबण मात्र अजिबात नको, तो छिद्रांत शिरतो आणि मग पाण्याला वास येत राहतो. आणि पाणी घ्यायला ओगराळं ठेवा हो, हात बुडवू नका, कारण माठ पाणी गार करतो, शुद्ध करत नाही.

शुद्ध करायचं काम याच छिद्रांकडून करून घेता येतं, पण तिथे छिद्रांचा साइज सांभाळावा लागतो. 1884 मधे फ्रान्समधे पाश्चरच्या प्रयोगशाळेत चार्ल्स शांबरलाँ यानं ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, न केलेल्या पोर्सेलिनची नळी बनवली, तिच्यातून पाणी गाळलं की जंतू मागे राहायचे. पुढे 1892 मधे रशियात दिमित्री इवानोव्स्की यानं तंबाखूच्या रोगट पानांचा रस तसल्याच फिल्टरमधून गाळला आणि बघितलं तर गाळलेला रसही रोग पसरवतोय! जंतूंपेक्षा बारीक काहीतरी आरपार जातंय हे तिथे दिसलं आणि व्हायरसच्या अभ्यासाची ती सुरुवात ठरली. हे मुद्दाम सांगतोय, कारण आजही घरातल्या कॅन्डलची तीच मर्यादा आहे. बॅक्टेरिया साधारण एक मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास, कॅन्डल त्यांना बऱ्यापैकी अडवते, आव लावणाऱ्या अमीबासारखे मोठे जीव तर अडकतातच, पण व्हायरस निसटतात. कावीळ, जुलाबाची साथ असेल तर फिल्टरचं पाणी चांगलं खळखळ उकळून घ्या. आणि पाण्यात विरघळलेलं फ्लोराइड, नायट्रेट, मीठ हे कुठल्याच मातीच्या छिद्राला अडवता येत नाही. यवतमाळ, चंद्रपूर भागात जिथे भूजलात फ्लोराइड आहे तिथे कॅन्डलवर विसंबून राहू नका.

जगात याच्यावर फार सुंदर काम झालंय. ग्वाटेमालात 1981 साली फर्नांडो मझारिएगोस यांनी कुंभाराला स्वतः करता येईल असा फिल्टर तयार केला, कुंडीच्या आकाराचा. माती आणि बारीक चाळलेला भुसा किंवा भाताचं तूस मिसळायचं, साच्यात दाबून कुंडी काढायची, भाजायची, तूस जळून त्याच्या जागी छिद्रं, वर चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा हात द्यायचा म्हणजे जंतू त्यात वाढत नाहीत, आणि ही कुंडी नळ लावलेल्या बादलीत टांगायची. तासाला दोनेक लिटर पाणी गळतं. प्रत्येक कुंडी आधी भिजवून, पाण्यानं भरून तासाभरात किती गळतं ते मोजतात, जास्त वेगानं गळली तर ती बाद, कारण वेग जास्त म्हणजे छिद्रं मोठी किंवा चीर. रॉन रिवेरा नावाच्या माणसानं निकाराग्वापासून सुरू करून देशोदेशी जाऊन लोकांना हे कारखाने उभारून दिले, कुठलंही पेटंट न ठेवता, आणि नायजेरियात असंच काम करताना मलेरिया होऊन 2008 मधे गेले. कंबोडियात या फिल्टरची पाहणी झाली तेव्हा फिल्टरवाल्या घरांत जुलाब जवळपास निम्म्यानं कमी आढळले. लोकांनी फिल्टर वापरणं सोडलं त्याचं मुख्य कारण फुटणं हे होतं, म्हणजे लोकांना नको होता असं नाही, फुटल्यावर दुसरा हाताशी नव्हता. आपल्याकडे भुवनेश्वरच्या सरकारी प्रयोगशाळेनं लाल माती, नदीची वाळू आणि लाकडाचा भुसा यांची टेराफिल नावाची चकती तयार केली, तीही स्थानिक कुंभारांना करता येते. असे युनिट आपल्या कुंभारवाड्यांत का उभे राहू नयेत, असं मला फार वाटतं. कौशल्य आहे, माती आहे, तूस तर राईस मिलच्या बाहेर ढिगानं पडलेलं असतं.

ज्यांच्याकडे स्टीलचा कॅन्डलवाला फिल्टर आहे त्यांच्यासाठी एक युक्ती. कॅन्डल धुताना साध्या मऊ ब्रशनं वाहत्या पाण्याखाली घासा, साबण लावू नका. मग ती पूर्ण भिजलेली असताना पाण्याच्या पातेल्यात बुडवून धरा आणि तिच्या खालच्या नळीतून तोंडानं हवा फुंका, नळी आधी नीट धुवून घ्या आणि नंतरही धुवा. कॅन्डल चांगली असेल तर बुडबुडे येणार नाहीत, कारण ओल्या बारीक छिद्रांतून हवा ढकलायला आपल्या फुप्फुसाचा जोर पुरत नाही. एकाच जागेवरून बुडबुड्यांची माळ सुटली तर तिथे डोळ्याला न दिसणारी चीर आहे, कॅन्डल लगेच बदला. घासून घासून बारीक झालेली कॅन्डलही ठेवू नका.

बाकी उपयोग पटापट सांगतो. गाडग्यातलं दही घट्ट लागतं कारण माती त्यातलं पाणी शोषून घेते. वजरी खरखरीत असते ती अशाच छिद्रांच्या कडांमुळे. दोन मडकी एकात एक, मधे ओली वाळू आणि वर ओलं फडकं, एवढ्यावर नायजेरियाच्या मोहम्मद बाह अब्बा यांनी भाजी टिकवायची सोय केली आणि 2000 साली त्यांना त्यासाठी रोलेक्स पुरस्कार मिळाला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं विटा आणि ओली वाळू वापरून शेतावर भाजी ठेवायचा शीतकक्ष बनवला, तत्त्व तेच. मराठवाडा, खान्देश, विदर्भ इथे कोरड्या उन्हाळ्यात पालेभाजी, टोमॅटो, वांगी ठेवायला दोन मडक्यांची सोय खूपच कामाची आहे, फक्त वाळू सकाळ संध्याकाळ भिजवायला विसरू नका. कांदे बटाटे तिथे ठेवू नका, ते दमट हवेत सडतात.

आणि शेवटी मटका सिंचन, हा तर माझा सगळ्यात आवडता उपयोग. चीनमधे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या शेतीच्या लिखाणात याचं वर्णन आहे. पाच ते दहा लिटरचं, ग्लेझ किंवा रंग नसलेलं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं, पाणी भरायचं, तोंडावर झाकण ठेवायचं म्हणजे डास होणार नाहीत आणि पाणीही उडणार नाही. आजूबाजूची माती कोरडी असली की ती मडक्यातून पाणी ओढून घेते, ओली झाली की ओढ मंदावते, म्हणजे किती पाणी द्यायचं ते माती स्वतःच ठरवते. मडक्याभोवती एक फुटाच्या आत दुधी, दोडका, कारली, भोपळा लावा, किंवा नवीन आंब्याच्या रोपाशेजारी एक पुरा. गच्चीवर करायचं असेल तर दोन लहान कुंड्या तोंडाला तोंड लावून सिमेंटनं जोडा, खालचं भोक बुजवा, वरच्या भोकातून पाणी भरा आणि मोठ्या कुंडीत मधोमध पुरून टाका. जुना माठ पिण्यासाठी कामातून गेला असेल पण थोडाफार पाझरत असेल तरी याला चालतो, फक्त पुरण्याआधी बाहेरचा क्षारांचा थर खरवडून काढा. सुरुवातीचा आठवडा रोज झाकण उघडून पातळी बघत जा, किती दिवसांनी भरावं लागतं त्याचा अंदाज येईल.

नमस्कार.